काजळीची डबी

निरोप आला तेव्हा वाटलं, नाटक असेल.
"सिद्दी कलावंतांचा सन्मान आहे, नाना, दसरा चौकात.
दिवे प्रखर आहेत. चेहरे तेवढे नीट दिसू देत."

साठ वर्षं तेच करतोय.
स्टुडिओच्या पत्र्याखाली राण्या केल्या, सरदार केले,
जोतिबाच्या डोंगरावर
उन्हात सुटणाऱ्या मिशा दाबून धरल्या
शॉट संपेस्तोवर.

पेटीच्या खालच्या कप्प्यात एक डबी आहे.
तिळाच्या तेलावर धरलेली काजळी, वर खोबरेल.
राक्षस आला की डबी.
दरोडेखोर आला की डबी.
तालमीतली पोरं यायची, पाच रुपये आणि एक वेळचा रस्सा,
गोरीगोमटी असली तरी बोटभर फासायचो,
डोळ्यांखाली सफेदा ओढायचो,
झालं भय तयार.
काळंच का, हे कुणी विचारलं नाही.
मीही नाही.

पहिली बसली हुसेनाबी. यल्लापूरच्या रानातली,
मांडीवर डमामी, वय तिलाच ठाऊक नाही.
मी वड्या मांडल्या: गुलाबी, गहू, चंदनी, मध.
एक तिच्या गालावर लावली,
राखुंडी सांडावी तसा गाल दिसला.
दुसरी लावली,
चुलीतून काढलेलं रताळं.
तिसरीला हात उचलेना.
मग तो सवयीनं खालच्या कप्प्याकडे गेला
आणि तिथंच अवघडला.
ती आरशातून बघत होती.
हात कुठं गेला, तेही.
"राहू दे बाबा," म्हणाली, "घाम तेवढा पूस."

पुसला. मलमलीनं, हळू.
आणि साठ वर्षांत पहिल्यांदा
न लावलेला रंग बघत बसलो.
गुऱ्हाळावर काकवी उकळते बघा,
गूळ व्हायच्या जरा आधी,
कढईच्या कडेला फेस बाजूला सरतो
आणि खालून जे चमकतं, ते.
आमच्याच शिवारातलं.
माझ्या पेटीत नव्हतं.

विंगेत उभा राहून सोहळा पाहिला.
इनास नावाचा नट: बावीस मालिका,
एकवीस वेळा गुंड, एकदा पहारेकरी,
मरताना एक शब्द नाही.
त्यानं माईक धरला तो सोडेचना.
संयोजकांनी चिठ्ठी पाठवली, "आवरतं घ्या."
त्यानं तीही वाचून दाखवली, आवाज बदलून,
आणि वर म्हणाला, "हा माझा पहिला संवाद."
मागून कुणीतरी ओरडलं, "नाद खुळा!"

कवयित्री गणपी, हल्याळच्या मराठी शाळेतली,
शाल सावरत म्हणाली,
"स्टँडवर एकानं विचारलं, आफ्रिकेतून कधी आलात?
म्हटलं, सहाच्या गाडीनं. हल्याळहून. उभी राहून."
सभागृह हसलं.
ती हसली नाही. पाणी प्यायली,
मग कविता वाचली, आजीच्या केसांत अडकलेल्या फणीची.
सगळी कळली नाही मला.
पण इस्त्रीच्या घडीसारखा बसलेला माझा हात
आपोआप स्वतःच्या डोक्यावरून फिरला.

हुसेनाबी भाषण करणार नव्हती.
तिला गुलाबी फेटा बांधला होता, कोल्हापुरी,
तिसऱ्या ठेक्याला तो सुटला.
तिनं पायानं बाजूला सारला
आणि वाजवत राहिली.
मानचिन्ह खुर्चीवर थरथरत होतं.

रात्री पेटी घेऊन पंचगंगेच्या घाटापर्यंत गेलो.
डबी सोडून द्यावी म्हटलं.
मग वाटलं, नदीनं काय घोडं मारलंय माझं?
परत आणली.

घरी पणती, दीड महिन्याची.
शेजारीण रोज येऊन सांगते,
"उजळेल हो हळूहळू, दुधाची साय चोळा."
आज सकाळी मी डबी उघडली,
करंगळी बुडवली,
पोरीच्या कपाळाच्या कडेला तीट लावली
आणि शेजारणीला विचारलं,
"कशाला उजळायचं?"

ती गप्प झाली.
माझीच चूक. विचारायला फार उशीर केला.